पान एक्केचाळीस, ओळ पहिली

'इथे दोन स्पेस हव्यात, एक नाही,' एवढंच लिहून मशीनमास्तरांनी त्या टेलिफोनवाल्या बाईने प्रोग्राममध्ये केलेले बदल चौथ्यांदा परत पाठवले आणि खुर्चीत मागे रेलून बसले.

बायको मागे उभी राहून ओले केस पुसत होती. तिने वाकून स्क्रीनवरची ओळ वाचली.

"एक स्पेस असली तर काही बिघडतं का?"

"बिघडत नाही. पण पद्धत असते."

"मागच्या रविवारी काय निघालं होतं?"

"कोणत्या ओळीत काय केलंय ते तिने नीट लिहिलं नव्हतं."

"आणि त्याच्या आधी?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"अहो, त्यापेक्षा सरळ सांगा ना तिला, तू नकोस म्हणून," ती म्हणाली आणि टॉवेल वाळत घालायला गॅलरीत गेली.

मास्तर अंध मुलांच्या शाळेच्या छापखान्यात मशीन चालवत. जाड कागदावर उठावाचे ठिपके पाडणारं, दोन कपाटांएवढं मशीन. सोळा वर्षांपूर्वी प्रत्येक पुस्तक हाताने टाइप करून ठिपक्यांत आणावं लागे. एकेका पुस्तकाला तीन-तीन महिने जात. मास्तरांनी सुट्टीच्या दिवसांत घरी बसून प्रोग्रामिंग शिकून घेतलं आणि साध्या मजकुराचे आपोआप ठिपके करणारा एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं 'ठिपका'. कोणालाही तो फुकट घेता यावा, उघडून बघता यावा, सुधारता यावा म्हणून इंटरनेटवर मोकळा ठेवला. हळूहळू चाळीसेक शाळा तो वापरू लागल्या. कधी न पाहिलेल्या गावांहून मेल येत, 'ठिपकेवाले सर' अशी सुरुवात करून. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. 'ठिपका' म्हणजे तुमचं लेकरूच, असं कोणी म्हटलं की ते हसून सांगत, "लेकरं मोठी होऊन घर सोडतात. हा कुठे जात नाही."

पण गेल्या सात वर्षांत त्यांनी त्याला हात लावला नव्हता. इतरांनी लिहिलेल्या ज्या अकरा लायब्रऱ्यांवर, म्हणजे प्रोग्रामच्या तयार तुकड्यांवर, 'ठिपका' उभा होता, त्यातल्या सात त्यांच्या मालकांनी केव्हाच वाऱ्यावर सोडल्या होत्या. नव्या कॉम्प्युटरवर तो सुरूच होत नसे. त्याच्यासाठी छापखान्यात एक जुना कॉम्प्युटर राखून ठेवला होता आणि त्याला मास्तरांशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता.

अशात ती आली. एका हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काम करणारी, चाळिशीच्या आसपासची, जन्मापासून अंध. त्या वेळच्या मेलमध्ये तिने लिहिलं होतं, 'सर, गेली बारा वर्षं मी जे काही वाचलंय ते तुमच्या ठिपक्यातून आलेलं आहे. आता तो माझ्या कॉम्प्युटरवर चालत नाही. मी दुरुस्त करून बघू का?' मास्तरांना बरं वाटलं. 'अवश्य,' असं त्यांनी कळवलं, कारण तिला ते जमेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दोन महिन्यांत तिने सातही लायब्रऱ्या उपटून काढल्या आणि त्यांच्या जागी नव्या बसवल्या. मग गणिताची चिन्हं आणली. मग तक्ते. मग छापायच्या आधीच पान, कॉम्प्युटरला जोडलेल्या ठिपक्यांच्या पट्टीवर, बोटाखाली तपासून बघण्याची सोय केली. हे सगळं ती आपल्या वेगळ्या प्रतीत करून मास्तरांकडे मंजुरीला पाठवत होती, आणि मास्तर मंजुरी देत नव्हते, तरी वापरणारे लोक तिचीच प्रत घेऊ लागले. त्यांच्या चर्चेच्या गटात 'टेलिफोनताई, हे कसं करायचं?' असे प्रश्न येऊ लागले. एकाने विचारलं, 'जुने सर अजून आहेत का?' मास्तरांनी ते तीनदा वाचलं. 'आहे,' असं लिहिलं आणि पुसून टाकलं.

खरी पंचाईत अशी होती, की तिचं काम चांगलं होतं. वाईट असतं तर त्यांनी तिला मन लावून शिकवलं असतं. रोज डबा खाता खाता ते तिचा कोड उघडून बसत, दुसऱ्याच्या घरी जाऊन कोपऱ्यातली जळमटं शोधावीत तसे. काहीच सापडत नसे. मग स्पेस. तिचं उत्तर त्याच दिवशी येई, 'केलं, सर.' चिडल्याचं कुठे चिन्ह नाही. त्याचाही त्यांना राग येई.

शाळा उघडायला तीन आठवडे उरले असताना तो जुना कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाल्याने आतलं बघून नुसती मान हलवली. मुख्याध्यापिका स्वतः खाली आल्या. चौथीचं गणिताचं पुस्तक छापायचं होतं, दोनशे बारा पानं.

"मास्तर, त्या बाईंनी केलेलं नवीन वापरता येईल ना?"

"आधी तपासावं लागेल, मॅडम."

"मग तपासा. मुलं काय रिकाम्या हातांनी बसणार का?"

गेल्या वर्षीच्या त्याच पुस्तकाची, चिन्हं आणि तक्ते हाताने भरलेली फाइल मास्तरांकडे होती; जुन्या कॉम्प्युटरशिवाय ती छापता येत नव्हती, पण पडताळायला चालणार होती. नव्या प्रोग्राममधून त्यांनी ते पुस्तक पुन्हा काढलं आणि दोन्ही फाइली कॉम्प्युटरला पडताळायला दिल्या. दुपारी दोनच्या सुमारास उत्तर आलं. दोनशे बारा पानांत एकच फरक. पान एक्केचाळीस, ओळ पहिली. तिच्या पानावर एक खूण जास्त होती.

इतका आनंद मास्तरांना कित्येक महिन्यांत झाला नव्हता. मेल लिहीत न बसता त्यांनी सरळ फोन लावला.

"कामात आहात का?"

"जेवणाची सुट्टी आहे, सर. बोला ना."

"एक्केचाळिसाव्या पानावर तुमचा प्रोग्राम जास्तीची खूण टाकतोय." त्यांनी आवाज जमेल तितका मवाळ ठेवला. "बाकी ठीक आहे. पण शाळेच्या पुस्तकात अशी चूक चालत नाही."

"पहिल्याच ओळीत का? आणि ओळ आकड्याने सुरू होते?"

"हो. चौदाने."

"सर, ती जास्तीची नाहीये. जुन्यात ती गळत होती."

आकड्यांना निराळे ठिपके नसतात. अक्षरांचेच ठिपके वापरायचे आणि आधी एक खूण टाकायची, म्हणजे हा आकडा आहे हे बोटाला कळतं. हे मास्तरांना झोपेतही माहीत होतं. पण पानाच्या अगदी सुरुवातीला आकडा आला, की 'ठिपका' त्याला पानाचा नंबर समजून त्याची खूण काढून टाकत होता. चौदाच्या जागी मुलांच्या बोटाखाली 'अद' येत होतं.

"म्हणजे सोळा वर्षं?" मास्तरांनी विचारलं.

"कळायचं आम्हाला. अद आलं की जरा थांबायचं, मागे जायचं, मग लक्षात यायचं, हां, चौदा. सवय झाली होती."

"मग कोणी सांगितलं का नाही?"

"मी कळवलं होतं, सर. नऊ वर्षं झाली. तुम्ही लिहिलंत, नियमाप्रमाणे बरोबर आहे." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "मला वाटलं, तुम्हाला जास्त कळत असणार. चला, बोर्डावर जाते."

मास्तरांनी जुने मेल उघडले. शोधायला फार वेळ लागला नाही. तिने पानाचा नंबर, ओळ, शब्द, सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. खाली त्यांचं एका ओळीचं उत्तर होतं. ते लिहिल्याचं त्यांना मुळीच आठवत नव्हतं.

संध्याकाळी बायको भाजी निवडत होती. ते तिच्यासमोर जाऊन बसले.

"चूक माझी निघाली," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला हेवा वाटतो तिचा."

"ते मला पहिल्या स्पेसपासून माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही म्हणालात, पद्धत असते." तिने अर्धी जुडी त्यांच्यापुढे सरकवली. ते निवडू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात येताच त्यांनी तिचे सगळे बदल एकदम मंजूर केले. जिथे प्रोग्राम सांभाळणाऱ्याचं नाव असतं, तिथे तिचं नाव वर घातलं आणि स्वतःचं खाली. तासाभराने तिचा मेल आला, 'सर, तुमचं वरच असू द्या.' त्यांनी लिहिलं, 'नको. वरच्या माणसाला मेल नीट वाचावे लागतात.' हेवा काही गेला नव्हता. दुखरा दात काढल्यावरही जीभ तिथेच जात राहते, तसं त्यांचं मन तिच्या नावापाशी जाऊन येत होतं.

पुस्तकाची पहिली प्रत छापून झाली. शाळेचेच जुने विद्यार्थी असलेले काका छापलेली पानं तपासायचं काम करत. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून त्यांनी वाचायला सुरुवात केली. मास्तर बाजूला जाऊन उभे राहिले.

एक्केचाळिसावं पान आलं. काकांचं बोट पहिल्या ओळीवरून सरळ पुढे गेलं आणि दुसरीवर उतरलं. गेल्या वर्षी ते इथे अडलं होतं का, हे मास्तर आठवू लागले. आठवेना. त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"काय हो मास्तर, उभे का?" काकांनी मान न वळवता विचारलं.

"काही नाही. वाचा तुम्ही."

काकांनी पान उलटलं.