शिवेच्या आतलं माहेर

आमच्या आंबेटोल्याच्या उगवतीला तलाव आहे आणि मावळतीला धानाच्या बांध्या. एका अंगाला गोंदियाला जाणारी सडक, दुसऱ्या अंगाला जंगलाची किनार. रात्री अंगणात उभं राहिलं की लांब तिरोड्याच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांवरचे लाल दिवे लुकलुकतात, आणि वारा तिकडून असला तर मालगाडीही ऐकू येते. एवढंच आमचं गाव. मी या गावात सून होऊन आले तेव्हापासून माझा एक नेम आहे. आंघोळ झाली की आधी तुळशीपुढे दिवा, मग तलावाच्या पाळीवर मातामायच्या, म्हणजे आमच्या गावदेवीच्या, ठाण्यात दिवा, आणि मगच चहाचा घोट.

यंदा ग्रामपंचायतीनं सडकेच्या तोंडाशी नवी भिंत बांधली. सरपंच अल्काताईंच्या मनात आलं की या भिंतीवर गावाचा नकाशा काढावा, बाजूला गावाचा इतिहास लिहावा. जाणाऱ्या-येणाऱ्याला कळू दे आपण कोण ते. कुडव्याहून बंटी पेंटर स्कूटरवर रंगाचे डबे बांधून आला. मग काय, रोज भिंतीपुढे माणसं जमू लागली. कुणी म्हणे विहार मोठं काढा, कुणी म्हणे राईस मिल विसरू नका, एकानं तर आपली मोहाची झाडं मोजून काढायला लावली. बंटी सगळ्यांना हो म्हणे आणि आपल्याला हवं तेच काढी.

एके सकाळी माझी सासू शामकला काठी टेकत तिथं गेली आणि म्हणाली, "बाबू, यात कोसमडोहही काढ."

आम्ही सासूला माय म्हणतो. कोसमडोह हे मायचं माहेर. आंबेटोल्यापासून थोडंच दूर, जंगलाच्या कडेला. मायच्या लहानपणी तिथल्या विहिरीचं पाणी बिघडलं, लागोपाठ धान बुडालं, आणि एकेक घर उठून आंबेटोल्यात आलं. माय तर नवरी होऊनच आली, पण तिच्यामागून तिचे आईबापही बिऱ्हाड घेऊन इथंच आले. आता तिथं ती विहीर आहे, कोसमाची झाडं आहेत आणि मातामायचा एक जुना दगड. माणूस नाही. अशा ओस गावाला आमच्याकडे रिठी म्हणतात.

भोजराजभाऊ तिथंच उभे होते. गावातल्या पूजा, रीती, कोणत्या दिवशी काय करायचं नि काय नाही, हे सारं त्यांच्याकडे. ते म्हणाले, "रिठीचं नाव गावाच्या तोंडाशी लिवाचं नाही, वैनी. जे ओस पडलं ते दारात मांडलं त आपलंही ओस पडते."

माय बराच वेळ त्यांच्याशी बोलली. अल्काताईंनीही सांगून पाहिलं की इतिहासात ओस पडलेलंही येतं, त्यात वाईट काही नाही. पण त्याही म्हणाल्या, भिंत साऱ्या गावाची आहे, गाव हो म्हणेल तर काढू. खाली मान घालून उभे होते त्यांतल्या अर्ध्यांचे आजोबा कोसमडोहचेच. तरी भोजराजभाऊंचं बोलणं कोण मोडणार?

माय घरी आली, भांडली नाही, रडली नाही. रात्री भात चिवडत एवढंच म्हणाली, "तुमच्या साऱ्याजणींच्या माहेरच्या गाडीले बोर्ड असते. माझ्या माहेराचं नावही लिवाचं नाही म्हणतेत." त्या दिवसापासून तिनं चौकात बसणं सोडलं. शेजारणी बोलवायला आल्या तर पाय दुखतात म्हणे.

मला वाद घालता येत नाही. माझा आवाजच चढत नाही. मी आपला नेम धरला: जेठ महिनाभर कोसमडोहच्या मातामायपुढेही एक दिवा लावायचा. पहाटे उठायचं, आधी तिकडे जायचं, मग तुळस, मग पाळ. जुन्या विहिरीच्या काठाला एक कोनाडा आहे, दगड त्यातच ठेवलेला. तिथं वारा लागत नाही, दिवा बराच वेळ जळतो. मायला मी हे सांगितलं नव्हतं. पण तेलाची बाटली लवकर रिकामी होते हे तिला दिसलंच असेल.

जेठातच, पेरणीच्या आधी, आमच्याकडे गाव बांधतात. हे काम बापापासून ज्यांच्याकडे आलं ते चैतरामभाऊ तांदळाच्या धुवणाचं मडकं घेऊन मातामायपासून निघतात. मडक्याच्या बुडाला बारीक भोक. त्यातून धार सोडत ते साऱ्या वस्तीभोवती चालतात, मागून पुरुषमाणसं. कुणी बोलायचं नाही. धार फिरून पुन्हा मातामायशी मिळेपर्यंत गावात चूल पेटत नाही. धारेच्या आत जे आलं ते गाव. वर्षभर त्याची राखण मातामायनं करायची.

त्या दिवशीही मी पहाटे कोसमडोहला जाऊन आले. चूल पेटवायची नाही हे ध्यानात होतं, दिव्याचा विचार मनात आलाच नाही. नेम तो नेम.

आम्ही बाया उपाशीपोटी पाळीवर वाट बघत बसलो. एरवी उन्हं कोवळी असतात तोवर धार मिळते. यंदा उन्हं तापली, लेकरं चहासाठी भुणभुणू लागली, तरी कोणी येईना. शेवटी माणसं दिसली ती भलत्याच बाजूनं, जंगलाच्या अंगानं. भोजराजभाऊंच्या पायजम्याला गवताची कुसळं चिकटलेली, चेहरा लाल. धार मातामायशी मिळाली, चैतरामभाऊंनी मडकं खाली ठेवलं, तसे भोजराजभाऊ बोलले, "एवढा मोठा फेरा कायले घेतला?"

चैतरामभाऊ धोतरानं तोंड पुसत म्हणाले, "कोसमडोहात दिवा जळून राहिला होता, भाऊ. जळता दिवा धारेबाहेर ठेवाचा नाही, असं माझ्या बापानं शिकवलं. तुमच्याही बापानं तेच सांगितलं होतं."

ही आमच्याकडची जुनी रीत. कडेच्या एखाद्या झोपडीत दिवा असला तर तीही आत घ्यायची, कोणाला उघड्यावर सोडायचं नाही.

"पण रिठीत कोण दिवा लावते?"

मी पदर सावरून पुढे झाले. मी लावते, म्हटलं. महिन्याचा नेम आहे, धारेचं माझ्या ध्यानातच आलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, माझे कान तापले. कोणी म्हणालं धार पुन्हा फिरवा. चैतरामभाऊंनी मान हलवली. धार वर्षातून एकदाच.

भोजराजभाऊ पाळीवर बसले आणि पायजम्याची कुसळं एकेक करून काढू लागले. कोणी घाई केली नाही. चुली थंड, पोटात कावळे, तरी कोणी उठलं नाही. माय माझ्या शेजारी काठीवर हनुवटी टेकून उभी होती. तिच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

सारी कुसळं निघाली तेव्हा ते म्हणाले, "शिवेच्या आत आलं त रिठी कायची? लिवा म्हणा त्या पेंटरले." मग माझ्याकडे वळले. "अन् तू ऐक, पोरी. तुझा महिन्याचा नेम गेला आता. बारमाही झाला. दिवा खंडला त मी तुले विचारीन."

मी हात जोडले. मला तर शिक्षेऐवजी उलट काही मिळाल्यासारखंच झालं.

नकाशा तोवर पुरा झाला होता. उरली होती खालची एक कोपऱ्याची जागा, आणि तिथं बंटीनं आपलं नाव नि मोबाईल नंबर टाकलेला. अल्काताई म्हणाल्या, ते भिंतीच्या मागे लिही. "पीछे कौन देखता है, दीदी?" म्हणत त्यानं चुना फासला. माय खुर्ची टाकून समोर बसली. विहीर डावीकडे घे, झाड एवढं बारीक नसते, असं चाललं होतं. शेवटी तिच्या घराला दार काढायची पाळी आली.

"अम्मा, इतनेसे घर में दरवाजा नहीं आयेगा."

"दरवाजा नाही त आत कसी जाऊ, बाबू?"

बंटीनं बारीक ब्रश घेतला आणि उगवतीकडे दार काढलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दिवा घेऊन निघाले तर माय ओसरीत तयार. ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी. कुठं म्हणून विचारलं तर म्हणाली, "माहेरी. स्वयंपाकाचं तुझं तू पाह्य आज."

तिला विहिरीपाशी बसवून मी परत आले. दुपार कलली तशी न्यायला गेले, माहेरवाशिणीला कोणीतरी न्यायला यावं लागतं म्हणून. ती कोसमाच्या सावलीत पाय पसरून बसली होती. पाय दुखतात म्हणाली नाही. पदराची गाठ सोडून तिनं कोसमं माझ्या ओंजळीत ओतली. माहेराहून रिकाम्या हातानं कोण येते, म्हणाली.

त्या दिवशी माझी एकादशी होती. कोसमं फळच, उपासाला चालतात. एक कोनाड्यात मातामायपुढे ठेवलं, एक तोंडात टाकलं. डोळे मिटावेत इतकं आंबट. माझं तोंड बघून माय लहान पोरीसारखी हसत राहिली.