सुपडूची चाल

मी बेंजो बोलतोय. नाक मुरडू नका. बुलबुलतरंग म्हटलं की तुम्हाला भारी वाटतं, पण आमच्या सुरतेतल्या गोडादऱ्यात मला बेंजोच म्हणतात. लाकडाची पेटी, वर बटणं, खाली तारा. लग्नाच्या बँडमध्ये सगळ्यात पुढे मीच असतो, पण आज मान खाली घालून बोलतोय, तेवढं सांभाळून घ्या.

माझा धनी धुडकू. मिसरूड फुटत होतं तेव्हा त्याने मला अमळनेरच्या बाजारात पसंत केलं. सुरुवातीला आम्ही भजनं वाजवली. मग लोकनाट्याच्या फडात गेलो. तिथे पोटापुरतं मिळेना, तेव्हा सुपडू नावाचा त्याचा गाववाला त्याला सुरतेला घेऊन आला. सुपडूने त्याला खोली पाहून दिली, कापडाच्या लूमवर कामाला चिकटवलं, आणि हा लूम सांभाळून बँडमध्ये वाजवू लागला. नवरात्रात गरबासुद्धा. इथे राहायचं तर गरबा यायलाच हवा ना!

धुडकूची नवी चाल म्हणजे काय, ते मला विचारा. शिफ्टवरून आला की आधी डब्याच्या झाकणावर बोटं आपटणार. मग गुणगुणणार. मग मला मांडीवर घेऊन तेच ते दहादा मोडणार, शिव्या देणार, परत जुळवणार. आणि एवढं करून चाल जुनीच! भजन जरा उडतं केलं की फडाचं गाणं, ठेका बदलला की गरबा. चोर लेकाचा, पण चोरी गोड असायची.

त्याची स्वतःची म्हणावी अशी चाल एकच. दोन वर्षांपूर्वी सुपडू गेला. तिरडी उठेपर्यंत धुडकू त्याच्या दारात मला घेऊन बसला. भोंगा जोडला नव्हता. त्या दिवशी त्याने काही जुळवलं नाही, मोडलं नाही. बोटं आपोआप चालत होती, संथ, आणि आत सुपडूची बायको उषाबाई ऐकत होती. एवढं खरं मी आयुष्यात कधी वाजलो नव्हतो.

पुढच्याच मोसमात बँडचा मालक ललित मागे लागला. "काका, एकदम नवं काढा. सब लोग वही-वही बजाते हैं." धुडकू आठवडाभर झाकण बडवत बसला. काही सुचेना. मग एका संध्याकाळी त्याने सुपडूची चाल घेतली आणि तिचा ठेका दुप्पट केला. अहो, काय उचलली लोकांनी! पोरं रस्त्यात लोळून नाचायची. सुरतेबाहेर सचिन गावापासून पलसाण्यापर्यंत जिथे जाऊ तिथे एकच ओरडा, "काका, तेच लावा!" मीही फुगलो होतो. खोटं कशाला बोलू?

यंदा आखाजीच्या सणानंतर सुपडूच्या पोरीचं, जयश्रीचं लग्न ठरलं. बँड अर्थातच आमचा. नवरदेव वाजतगाजत मांडवाशी आला आणि त्याच्या मित्रांनी तीच चाल मागितली. धुडकूने सवयीने वाजवली. त्याच्या डोक्यातही आलं नाही की आपण कुणाच्या दारात उभे आहोत.

ओवाळायला उषाबाईची जाऊ पुढे होती. विधवा म्हणून उषाबाई मागे, खांबाला धरून उभी. ती गर्दीतून वाट काढत सरळ आमच्यापाशी आली.

"भाऊ, हाई चाल त्यासनी शे ना?"

सुपडूचीच आहे ना, असं ती विचारत होती. धुडकूचा हात थांबला. पोरं ओरडली, "अरे, बंद का केलं?" ललितने डोळे वटारले. आणि धुडकूने, उषाबाई समोर उभी असताना, पुन्हा तार छेडली. ती पदर तोंडाला लावून मागे फिरली. जमीन दुभंगून आत जावं असं मला झालं. पण मी वाजत होतो, तेही भोंग्यातून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

चार दिवसांनी धुडकू मला घेऊन तिच्या घरी गेला. "वहिनी, चुकलो," म्हणाला आणि मला पुढ्यात ठेवून बसला. तिने पाणी दिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "लोकांच्या वरातीत वाजायची तेव्हा मी खिडकी लावून घ्यायची, भाऊ. तरी कानात शिरलीच. आता ते गेले त्या दिवशीची चाल मला आठवतच नाही. आठवायला गेलं की पोरं नाचताना दिसतात. एक डाव तशीच वाजाडी दाखाडा ना."

धुडकूने मला मांडीवर घेतलं. डोळे मिटले. पहिले दोन सूर संथ आले आणि तिसऱ्याला हात पळाला. त्याने परत सुरू केलं. परत पळाला. बोटांना ठेका लागला होता, तो सुटेना. घामाने बटणं ओली झाली. तो वेड्यासारखा वाजवत राहिला आणि माझ्यातून वरातच निघत राहिली.

"राहू द्या, भाऊ," ती म्हणाली आणि आत गेली.

परवा पलसाण्याच्या लग्नात पुन्हा तीच फर्माईश झाली. धुडकू म्हणाला, "आज नको रे." ललितने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. वाजवली.

मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. तुमच्या घरी लग्न निघालं आणि आमचा बँड आला, तर ती चाल मागू नका. मागितलीत तर धुडकू वाजवेल. आणि त्याने बटण दाबलं की मीही वाजेन.