आईशी बोलणे झाले

साथीत चार महिने बंद राहिलेली शाळा उघडली, तेव्हा पोरांचे गणवेश आखूड झाले होते आणि तिसरीच्या बाईंचा चष्मा जाड. बाई कामचुकार होत्या असं त्यांचा वैरीसुद्धा म्हणाला नसता. बंदच्या काळात त्यांनी ओट्यावर डब्याला फोन टेकवून वर्ग घेतला. एकीकडे सासऱ्यांच्या गोळ्या काढून ठेवल्या, दुसरीकडे भागाकार शिकवला. चुकल्या त्या एकाच ठिकाणी, आणि ती जागा जेमतेम दोन बोटं रुंद होती.

झालं होतं असं. दर शुक्रवारी प्रत्येक मुलाच्या घरी फोन करायचा आणि पाचच्या आत तक्त्यात नोंद भरायची, असा मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, हुकूम होता. रकाना रिकामा राहिला की लाल व्हायचा आणि मग खुद्द मोठ्या बाईंचा फोन यायचा. अडतीसपैकी सदतीस घरं कशीबशी सापडायची. राहायची एक खारूताई. पुढचे दोन मोठे दात आणि पेन्सिली कुरतडायची खोड, म्हणून वर्गानं तिचं हे बारसं केलं होतं. पहिल्या शुक्रवारी तिच्या घरचा फोन दोनदा बंद लागला. पाचाला दोन मिनिटं कमी होती. बाईंनी वरच्या मुलाची नोंद उचलून तिच्या रकान्यात चिकटवली: 'आईशी बोलणे झाले. अभ्यास सुरू. घरी सर्व ठीक.' सोमवारी करू फोन, असं मनाला बजावलं. सोमवारी सासऱ्यांना ताप आला. पुढच्या शुक्रवारी तीच नोंद पुन्हा चिकटली. खोटं बोलताना पहिल्यांदा जीभ अडखळते म्हणतात. इथं जीभ हलवायचीही गरज नव्हती. असे अकरा शुक्रवार गेले.

आता खारूताईची आई मोठ्या बाईंच्या खोलीत बसली होती. इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला असलेली ती बोलताना मध्येच दम खायला थांबत होती. शेजारी खारूताई, मुठीत पेन्सिल. बाईंना वर्गातून बोलावून घेतलं होतं.

"हिला वाचता येईना झालंय," आई म्हणाली. "येत होतं तेही गेलं. शाळा सुटल्यावर तो जादा वर्ग भरतो ना, त्यात हिला घ्या."

त्या वर्गात एकच जागा उरली होती. ज्यांच्या घराशी बंदच्या काळात शाळेचा संपर्कच झाला नाही, त्यांना ती आधी द्यायची असा नियम होता. मोठ्या बाईंनी संगणकावर तक्ता उघडला.

"तुमच्याशी तर अकरा वेळा बोलणं झालंय, ताई."

"माझ्याशी? कधी?"

मोठ्या बाईंनी तारखा वाचून दाखवल्या.

"त्यातला पहिला महिना मी ऑक्सिजनवर होते, मॅडम. फोन हिच्यापाशी ठेवला होता, दवाखान्याचा निरोप आला तर कळावा म्हणून. शेजारच्या मावशी जेवायला द्यायच्या. बाकी ही एकटीच."

घरी सर्व ठीक. धरणीनं पोटात घ्यावं असं बाईंना वाटलं, पण शाळेच्या फरश्या पक्क्या होत्या.

मोठ्या बाईंचा बाईंवर वीस वर्षांचा विश्वास. त्यांच्या मनात भलतंच आलं. "फोन तुझ्याकडे होता ना?" त्यांनी खारूताईला विचारलं. "मग आईचा आवाज काढून तूच बोलायचीस का बाईंशी?"

खारूताईनं बाईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "हो."

"बाईंना फसवलंस?" आईचा आवाज चिरकला. "लाज नाही वाटली? त्या बिचाऱ्या आठवणीनं फोन करत होत्या." आणि बाईंकडे वळून तिनं चक्क हात जोडले. "पोर आहे, बाई. पदरात घ्या."

एक वाक्य पुरलं असतं. बाई गप्प राहिल्या. मोठ्या बाई "पुढच्या वेळी बघू" म्हणाल्या, आई उठली, खुर्ची करकरली, तिनं लेकीचं बखोट धरलं आणि दोघी दारापर्यंत पोचल्या, तोवर बाई गप्पच होत्या. त्यांना स्वतःची नोकरी दिसत होती, शिक्षकांच्या खोलीतली कुजबुज दिसत होती. पुढं त्यांना अकरा शुक्रवारांपेक्षा जास्त खुपलं ते हेच, खुर्चीपासून दारापर्यंतचं अंतर.

"थांबा," शेवटी त्या म्हणाल्या. "ती खोटं बोलतेय. खोटं माझं आहे. पहिल्या आठवड्यात फोन बंद लागला. त्यानंतर मी केलाच नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. आईनं लेकीचं बखोट सोडलं. तिनं चार शब्द सुनावले असते तर बाईंना सोसले असते. तिनं मघाशी जोडलेले हात फक्त कपड्यांना पुसले.

जागा खारूताईला मिळाली. बाईंनी लेखी खुलासा दिला. त्यांचं काय करायचं ते वरचे ठरवणार होते. तोवर जादा वर्गाला दुसरं माणूस नव्हतं, तेव्हा तो बाईंच्याच गळ्यात राहिला.

पहिल्या दिवशी बाकीची पोरं गेल्यावर बाईंनी खारूताईला थांबवलं. "तू 'हो' का म्हणालीस गं?"

ती पेन्सिल चावत राहिली. "तुम्ही लिहिलं होतं ना. मला वाटलं, फोन आला असेल आणि मीच विसरले. आई नव्हती तेव्हाचं मला नीट आठवत नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "पहिल्या दिवशी बंद होता, कारण चार्जर आईच्या पिशवीत गेला होता. मग मावशींनी दिला दुसरा. नंतर मी फोन उशाशीच ठेवायचे. नंतर एकदासुद्धा नाही केला?"

"नाही," बाई म्हणाल्या. "एकदासुद्धा नाही."

खारूताईनं मान हलवली आणि पुस्तक उघडून पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. बाईंनी तो वाचून दाखवला. तिनं मात्र लगेच मागोमाग म्हटला नाही. एकेक अक्षर स्वतः लावून, खरंच तसं लिहिलंय का, ते तिनं आधी पाहून घेतलं.