पाठ उघडण्याआधी कान लावा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि तुमच्यापासून लपवून काय करू, मी पहिल्या नंबरचा भित्रा आहे. रोल घालून फोटो काढायचे, त्या काळातला मी. हे भित्रेपण जन्मापासूनचं. कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीचं झाकण बसवलं, तेव्हा तपासनीस म्हणाला, "उजेडाची बारीक चीर जरी आत गेली, तरी सगळं मातीमोल." तेव्हा माझ्या पोटात भीतीनं जो गोळा आला, तो आजतागायत गेलेला नाही.

माझ्या मालकिणीला सगळी गल्ली 'फोटोवाली' म्हणायची. घरोघर जाऊन आईबापांचे त्यांच्या मुलांबरोबर फोटो काढायचे, हाच तिचा धंदा. काय एकेक नग भेटले म्हणून सांगू! बाळ रडून घर डोक्यावर घेतंय आणि बाप आपला खांबासारखा ताठ. मग फोटोवाली म्हणायची, "अहो बाबा, माझ्याकडे काय बघताय? मी काय तुमचं बाळ आहे?" बाप हसून बाळाकडे वळला, की टिपलाच आम्ही! फोटो न्यायला आलेली माणसं डोळे पुसत जायची. कौतुक तिचं व्हायचं, पण मीही मनातल्या मनात फुगून घ्यायचो.

रोल संपत आला, की मात्र माझी पाचावर धारण बसायची. आतली फिल्म आधी उलटी गुंडाळून तिच्या डबीत परत न्यायची असते आणि मगच माझी पाठ उघडायची असते. घाई केली, तर उजेड आत घुसतो आणि कुणाचं बाळ, कुणाची आई, सगळं पांढरंफटक! म्हणून फोटोवाली माझी कळ फिरवताना लेकीला, म्हणजे ठमीला, माझ्या पाठीला कान लावून बसवायची. फिल्म आत सरसरत राहायची आणि शेवटी बारीकसा 'टक्' व्हायचा. "शिरली!" ठमी ओरडायची. तिनं ओरडल्याशिवाय मला उघडायचं नाही, हा त्या घरचा कायदाच होता.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं झालं होतं. अख्ख्या गल्लीचे फोटो काढणाऱ्या या बाईचा स्वतःचा एक धड फोटो नव्हता. ओळखपत्रावर होता एक, तो बघून तीच म्हणायची, "ही कोण बया?" एक दिवस ठमी हट्टालाच पेटली. "आज मी तुझा काढणार म्हणजे काढणार!"

"अगं, आधी पट्टा गळ्यात घाल. पाडशील!" म्हणत आईनं हात पुढे केला आणि तेवढ्यात ठमीनं बटण दाबलं.

रोल अजून संपला नव्हता. त्याच आठवड्यात फोटोवालीला दवाखान्यात नेलं आणि ती काही परत आली नाही. कुणीतरी मला कपाटात ठेवून दिलं. तिचा तो चेहरा माझ्या पोटातच राहिला.

मित्रांनो, कपाटातली ती वर्षं आठवली, की अजून थरकाप होतो. ओल लागेल का? बुरशी धरेल का? फिल्म वाळून तुटेल का? दार जरा करकरलं, की मी जीव मुठीत धरायचो. आणि सांगणार कुणाला? देवानं मला डोळा दिला, तोंड नाही दिलं.

शेवटी एका भर दुपारी दार उघडलं. ठमीच होती, पण आता तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. बरोबर तिची मुलगी भिंगरी. एका जागी ठरेल तर शपथ! तिनं मला थेट खिडकीतल्या उन्हात नेलं.

"आई, हा आतून कसा असतो गं?"

"बघ की उघडून. रिकामाच असणार. तुझ्या आजीनं कॅमेऱ्यात रोल ठेवलाय, असं कधी झालंच नाही."

अगं, झालंय! एकदाच झालंय! तूच बटण दाबलं होतंस, विसरलीस? मी आतल्या आत आकांत केला. भिंगरीनं खटका ओढला. झाकण केसभर सुटलं आणि उन्हाची एक चीर आत शिरून फिल्मच्या सगळ्यात वरच्या वेढ्यावर पडली. तिथंच तर शेवटचा फोटो होता! संपलं, असंच मला वाटलं.

खटक्याचा आवाज झाला मात्र, ठमीचा हात आपोआप कानाकडे गेला. "कान लावला नाही आपण," ती पुटपुटली. पुढच्याच क्षणी तिनं झेप घालून झाकण दाबलं. तिनं कळ फिरवून पाहिली. कळ जड लागली, म्हणजे आत फिल्म होती. तिनं मला कानाशी धरलं आणि हळूहळू फिरवत राहिली. सर्र, सर्र... टक्.

"शिरली," ती म्हणाली.

"काय शिरली?" भिंगरीनं विचारलं. ठमीनं माझी पाठ उघडून फिल्मची डबी तिच्या हातावर ठेवली.

रोल धुवायला गेला आणि मी रिकाम्या पोटानं धास्तावून बसलो. फोटो आले. शेवटच्या फोटोचा अर्धा भाग उन्हानं खाल्लेला, पांढरा. उरलेल्या अर्ध्यात पुढे आलेला एक हात, उघडं तोंड आणि मोठे झालेले डोळे.

"आजी रागावलीय का?"

"नाही गं. घाबरलीय. मी पाडेन म्हणून." असं म्हणून ठमी हसली आणि हसता हसताच रडायला लागली.

म्हणजे त्या घरात भित्रा मी एकटाच नव्हतो तर!

मित्रांनो, माझा एखादा भाऊबंद तुम्हाला कपाटात सापडला, तर पाठ उघडण्याआधी त्याला कान लावा. आणि तुमच्या घरात जे माणूस सगळ्यांचे फोटो काढतं, त्याला आज एकदा समोर उभं करा. उद्या काढू, असं म्हणू नका. उद्या म्हटलं, की माझ्या पोटात अजून गोळा येतो.