शिंपीकाकांच्या पाठीचा पट्टा

मित्रांनो, मी पाठीचा एक जुना पट्टा आहे. जाड कापड, आत दोन पत्र्याच्या पट्ट्या आणि चार बंद, एवढाच माझा ऐवज. कारखान्यातून निघालो तेव्हा ताठ होतो आणि थोडा शिष्टही.

माझ्या वाट्याला आले एक शिंपीकाका. ताप आणि पाठदुखीने बेजार होऊन ते दवाखान्यात दाखल झाले होते. जंतूंनी त्यांच्या मणक्यात पू केला होता. शेजारच्या खाटेवरच्या पाववाल्या मावशींना तोच आजार होता. पण त्यांचा मणका खचला होता, म्हणून त्यांचं लगेच ऑपरेशन झालं. काकांचा मणका शाबूत होता.

"तुम्हाला सहा आठवडे शिरेतून औषध आणि हा पट्टा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बहुतेक त्यावरच बरे व्हाल. पण पायाला मुंग्या आल्या किंवा पाय जड वाटला, तर लगेच सांगायचं. मग ऑपरेशनला उशीर चालत नाही."

काका खूश. "मावशी, मी सुरीशिवाय सुटलो बघा!"

"सुटा हो. आधी कोण चालतंय ते बघू," मावशी कण्हत हसल्या.

औषध लागू पडलं, ताप उतरला. काका मलाच शाबासकी द्यायचे आणि मी फुगून जायचो. तिसऱ्या आठवड्यात काकांच्या पायांना मुंग्या आल्या.

"अहो, डॉक्टरबाईंना सांगूया ना," काकू म्हणाल्या.

"अगं, तीस वर्षं पायाने मशीन चालवतोय. मुंग्या कधी आल्या नाहीत? नेहमीचंच आहे ते."

तीन आठवडे काकांनी मशीनला पायही लावला नव्हता, हे दोघांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. पण पट्ट्याला तोंड नसतं.

दोन दिवसांनी पाय उचलेनात. धावपळ करून ऑपरेशन केलं, पू काढला. काका वाचले, पाय गेले. मावशी निरोप घ्यायला स्वतःच्या पायांनी चालत आल्या. काकांचं पांघरूण नीट करून गेल्या.

परवा माझा बंद उसवला. काकांनी चाकाची खुर्ची मशीनपाशी घेतली. काकूंनी त्यांचे पाय उचलून पॅडलवर ठेवले. काका हाताने चाक फिरवू लागले, तसं पॅडल हललं आणि त्यावर ते पाय पूर्वीसारखेच खालीवर होऊ लागले. मला ते बघवेना.

"मुंग्या येतात का हो?" काकूंनी हळूच विचारलं.

"नाही गं. आता नाही येत."

मित्रांनो, औषधानेही माणसं बरी होतात, ऑपरेशननेही होतात. पण तुमच्या घरी कुणी "नेहमीचंच आहे" म्हणून दुखणं झाकलं, तर तुम्ही तरी जाऊन सांगा. मला सांगता आलं नाही.