आखूड दोरीची कात्री

मित्रांनो, मी विणकराच्या घरातली एक जुनी कात्री आहे आणि मला कापायची भीती वाटते. हसू नका. माझी हकीकत ऐकलीत तर तुम्हीही कात्री उचलताना क्षणभर थांबाल.

एका लोहाराने मला मोटारीच्या मोडक्या पाट्यातून घडवले. दोन पाती, मध्ये एक रिबीट, आणि जाड अंगठा मावेल अशी रुंद कडी. धार बघायला त्याने माझ्याकडून ओला कागद कापून घेतला. कागद चुरगळलाही नाही. "ही कुणाचं ऐकायची नाही," तो खूश होऊन म्हणाला. तेव्हा मला ते कौतुक वाटले होते.

मला विकत घेतले ते तात्यांनी. तात्या म्हणजे आमच्या जिल्ह्यातले सर्वांत नावाजलेले विणकर. त्यांच्या कापडाच्या काठावरची पानांची वेल बघायला लांबून माणसे येत. मी त्या घरात आले त्याच आठवड्यात त्यांची सूनही लग्न होऊन आली. तात्यांनी मला तिच्या हातात दिले आणि दोघींना मागाजवळ नेले.

"पोरी, हे पुढं विणलेलं कापड. इथं खुशाल काप. आणि हे मागं नुसतं सूत. इकडं कात्री आणलीस तर तुला माहेरी धाडणार नाही. मीच घर सोडून जाईन."

सूनबाई हसली, पण तात्या हसले नाहीत.

त्याचे कारण मला हळूहळू कळले. मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात. त्यातला प्रत्येक धागा मागावर टांगलेल्या दोऱ्यांच्या फासांपैकी एकाच्या, ठरलेल्या डोळ्यातून ओवलेला असतो. कुठला धागा कुठल्या डोळ्यात, यावरच वेल उमटते. ही ओवणी तात्यांनी तरुणपणी एकदाच केली होती. ताणा संपत आला की तो सैल करायचा, नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला बांधायचा आणि अलगद ओढून घ्यायचा. नवा धागा जुन्याच्या मागोमाग बरोबर आपल्या डोळ्यात शिरे. वेल अशी गाठीगाठीने पुढे चालली होती. कापड कापले तर वीण धाग्यांना धरून ठेवते. नुसता ताणलेला धागा कापला तर तो सटकतो आणि डोळा रिकामा होतो.

मला घेऊन सूनबाई चुकून मागच्या बाजूला वळली, की तात्या आडवा धागा नेणाऱ्या धोट्याने लाकडावर वाजवत. टक्‌ टक्‌. तो आवाज आला की माझी पाती आपोआप मिटत.

मग तात्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. माग सूनबाई चालवू लागली, पण तिने लाल प्लॅस्टिकच्या मुठीची नवी कात्री आणली. मी खिळ्यावर लटकून गंजले. याहून वाईट काही नसते, असे मला वाटे. ते खरे नव्हते.

जिल्ह्याच्या शहरात कर्तबगार माणसांचे दालन उभे राहिले. गायिका, डॉक्टर, मल्ल, सगळ्यांच्या तसबिरी लागल्या. त्या काढणारा चित्रकारही आमच्याच जिल्ह्यातला, मोठ्या नावाचा. तात्यांचा माग ताण्यासकट तिथे नेण्यात आला. सूनबाई तिथेच विणणार होती.

"वहिनी, फीत कुणीही कापतं," चित्रकार म्हणाला. "आपण तात्यांचं कापड कापून उद्घाटन करू. तात्यांच्याच कात्रीनं."

"कापडच कापाल ना, भाऊ? पुढून?"

"अहो, तात्यांचा माग म्हणजे मला देवासारखा. काळजी सोडा."

त्याने मला घासून घेतले, धार लावली. सहाणेवर ठिणग्या उडत होत्या आणि मी आतून थंड पडले होते.

उद्घाटनाला आमदार आले. सगळे त्यांना साहेब म्हणत. मी तबकात. पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत तात्या. सूनबाई मात्र गर्दीच्या रेट्याने दाराशी ढकलली गेली होती. साहेब मागाच्या पुढे उभे राहिले तेवढ्यात चित्रकाराने खिडकीकडे पाहिले.

"साहेब, इकडून या, मागून! उजेड इथं आहे. धागे सुटताना कसे उडतील बघा!"

"म्हणाल तिथं कापतो," साहेब म्हणाले. "घरी आम्हाला कात्रीला हात लावायची परवानगी नाही."

लोक हसले. साहेबांनी कडीत अंगठा घातला आणि माझ्या पात्यांत चिमूटभर ताणलेले धागे आले. कात्रीला नको म्हणता येत नाही, मित्रांनो.

टक्‌. टक्‌.

तात्यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटत होता. आता मिटणे म्हणजेच कापणे होते. मला मिटायचे नव्हते.

"बघा, म्हातारबाबा टाळ्या वाजवतायत!" कुणीतरी म्हणाले.

खच्च.

धागे सटकले. डोळे रिकामे झाले. साहेबांनी मला आणखी धाग्यांवर उघडले. टक्‌टक्‌टक्‌टक्‌.

"साहेब, हात काढा!"

सूनबाई कोपरांनी वाट काढत आली होती. तिचा पदर कुणाच्या तरी खुर्चीत अडकून फाटला होता.

"काय झालं, ताई?"

"टाळ्या नाहीत त्या. थांबा म्हणतायत ते. हे सूत तुटलं तर वेल संपली. ती परत ओवणारा माणूस हा बसलाय, आणि त्याचा उजवा हात उचलत नाही."

चित्रकाराचा चेहरा उतरला. "मला उजेडच दिसला हो," तो पुटपुटला.

साहेब मला उघडी धरून तसेच उभे. "मग उद्घाटनाचं काय करू? लोक थांबलेत."

सूनबाईने मला त्यांच्या हातातून काढून घेतले. "कापूनच कशाला करायचं? बांधून करा."

कापलेल्यांपैकी काठाच्या शेवटच्या धाग्याची जागा तिला माहीत होती. तो तिने ओवला आणि त्याची तुटलेली दोन टोके साहेबांच्या हातात दिली. गाठ निसटली. पुन्हा निसटली.

"साहेब, निवडणुकीत तर झटक्यात जमते गाठ!" मागून आवाज आला. साहेबही हसले, आणि अखेर गाठ बसली. खुर्चीवरचा हात शांत झाला.

उरलेले धागे सूनबाईने तात्यांसमोर बसून ओवले. धागा एकेका डोळ्याजवळ न्यायचा. चुकला की टक्‌. बरोबर असला की शांतता. पुष्कळ दिवस लागले. तात्या लवकर थकत, आणि शेवटी शेवटी तो टक्‌ फार हलका झाला होता. म्हणून वेलीतले एक पान वाकडेच राहिले. ते पाहिले की मला माझा खच्च ऐकू येतो.

आता तात्या नाहीत. टक्‌ करणारे कुणी उरले नाही. मित्रांनो, काहीही तोडण्याआधी एकदा विचारा, याला पुढे कुणाला काही बांधायचे आहे का? विचारायला फार वेळ लागत नाही.

सूनबाईने मला मागाच्या पुढच्या दांडीला दोरीने बांधले आहे. दालन बघायला येणारी मुले मला ओढून बघतात. दोरी कापडापर्यंत पोचते. सुतापर्यंत पोचत नाही.