मोथ्यावरून पायी

चांदूर बाजारच्या वांगीवाल्याला शनिवार कुठला आलाय! तरी त्या शनिवारी मनोजनं वांग्यांची तोडणी भावाच्या गळ्यात मारली आणि परतवाड्याची येष्टी धरली. कॉलेजातले पाच दोस्त दर हिवाळ्यात चिखलदऱ्याला जायचे. येष्टीनं मोथ्याला उतरायचं, तिथून पायी गाविलगड, रात्री लॉजवर गप्पा, रविवारी परत. मग चौघांची लग्नं झाली आणि जाणं राहूनच गेलं. मनोजचं काही जमलं नाही. शेतीवाला नवरा हवाय कोणाला आजकाल!

यंदा त्यानंच ग्रुपवर टाकलं, 'शनिवारी सकाळी परतवाडा स्टँड.' चौघांनी अंगठे टाकले. आता भाजीच्या हर्रासात हात वर गेला की सौदा पक्का. मागं फिरणाऱ्याची बाजारात अब्रू जाते. मनोज त्याच बाजारात लहानाचा मोठा झालेला. अंगठा म्हणजे जबान, असंच तो धरून चालला. बिचाऱ्यानं पाच जणांची भाकर अन् ठेचा बांधून आणला.

परतवाड्याला कोणीच नव्हतं. त्यानं एक गाडी सोडली, दुसरीही सोडली. फोन लावला तर रोहित म्हणाला, "अबे, पोरीले ताप आहे. तू हो समोर, पुढच्या वर्षी पक्कं." गोपालकडे म्हणे पाव्हणे आले होते. बाकीचे दोघं फोनच उचलेनात. परत जावं तर भाऊ हसणार. शेवटी तो तिसऱ्या गाडीत चढला.

मोथ्याला एकटाच उतरला. रस्ता तोच, हवा तशीच गार. चालता चालता दोनदा त्यानं मागं वळून "चला ना बे" म्हणायला तोंड उघडलं, अन् मिटलं. फार एकटं वाटलं त्याला. चाळिशीच्या माणसाला भर रस्त्यात रडू येऊ नये, पण आलं.

गडाच्या दरवाज्याशी दोन गाड्या उभ्या होत्या. रोहितची पांढरी गाडी त्यानं लांबूनच ओळखली. चौघं दोस्त, त्यांच्या बायका, लेकरं, सगळे होते. रोहितची पोर तर टणाटण उड्या मारत होती. ताप कुठला अन् काय!

इथूनच मागं फिरावं, असं मनोजला वाटलं. पण तेवढ्यात रोहितनं पाहिलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

"अबे... फॅमिली टूर होती ना. तू एकटा, तुले बोर झालं असतं, म्हणून..."

मनोजची कानशिलं तापली. चार शिव्या अगदी ओठांवर आल्या. पण रोहितची बायको, गीतांजली वहिनी, पाहत होती. अन् हे चौघं सोडले तर त्याचं होतं तरी कोण?

"मी कायचा एकटा बे?" तो हसून म्हणाला. "नांदगाव पेठेचे पाव्हणे आहेत ना संगं. खाली चहाले थांबले."

रोहितच्या जिवात जीव आला. कोणते पाव्हणे, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

"मंग बरं झालं!" म्हणत त्यानं आपला मोबाइल मनोजच्या हातात दिला. "आमचा एक ग्रुप फोटो काढ ना. केव्हाचं पाहून राहिलो, काढणारंच कोणी भेटेना."

सगळे दरवाज्यापुढं दाटीवाटीनं उभे राहिले. मनोज थोडा मागं सरकला, मग आणखी थोडा.

"आले का बे सगळे?" रोहित ओरडला.

"आले," मनोज म्हणाला, अन् त्यानं बटण दाबलं.